माळ्यावरच्या निगेटिव्ह: मुंबईत त्यांच्या प्रिंट आणि डिजिटल कॉपी कशा कराव्यात

आमची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत बाबांच्या निगेटिव्ह. काही बटर पेपरच्या पाकिटात, काही नुसत्याच गुंडाळलेल्या, एका गठ्ठ्याला रबर बँड, आणि वर कुणीतरी काळजीने टाकलेल्या चार डांबर गोळ्या. मी तो डबा तसाच उचलून एका लॅबमध्ये नेऊन दिला. ‘सगळं स्कॅन करून द्या’ म्हटलं आणि निर्धास्त घरी आले. पंधरा दिवसांनी सगळ्या पट्ट्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून परत मिळाल्या. कुठली पट्टी कुठल्या पाकिटातली, हे कळायला मार्ग नाही. पेन ड्राइव्हवरच्या फाइली इतक्या लहान, की मोबाइलवर बऱ्या दिसायच्या आणि प्रिंट काढली की चेहरे पुसट. अर्धे फोटो उलटे. पैसे गेले ते गेलेच, शिवाय पाकिटांवर बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले महिने आणि वर्षं आता कुठल्या पट्टीला लावायची?

दुसऱ्या खेपेला सगळं पहिल्यापासून केलं. ते कसं केलं, ते क्रमाने सांगते.

१. आधी हे सामान जमवा

एक दुपार आणि जेवणाचं रिकामं टेबल लागेल. पंखा बंद ठेवा. सामान एवढंच: सुती हातमोजे, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा हवा मारायचा रबरी फुगा, एक मऊ ब्रश, फूटपट्टी, पेन्सिल, कोरे कागदी लिफाफे, आणि पांढरा उजेड. उजेडासाठी लॅपटॉपवर कोरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण केला तरी चालतं. मुलांच्या ट्रेसिंगचं एलईडी पॅड घरात असेल तर उत्तमच.

कागदपत्रं काही लागत नाहीत. ओळखपत्र वगैरे कुणी मागत नाही. लागते ती तुम्ही स्वतः केलेली यादी. तिच्याबद्दल पुढे येईलच.

रबर बँड आधी काढून टाका. रबरातल्या गंधकाने ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरची चांदी काळवंडते. डांबर गोळ्याही बाहेर. पाकिटं मात्र, कितीही कळकट असली तरी, फेकू नका.

पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका. २६ जुलै २००५ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांच्या डब्यांत असे गठ्ठे हमखास सापडतात. ओढलं की एका पट्टीवरचं चित्र सोलून दुसरीवर जातं आणि दोन्ही संपतात. असा गठ्ठा वेगळा ठेवा आणि जाणत्या माणसालाच दाखवा.

२. फिल्म कुठली ते ओळखा

लॅबमध्ये पहिला प्रश्न हाच येतो, आणि ‘जुनी आहे’ हे काही उत्तर नाही. फूटपट्टी लावा.

दोन्ही कडांना भोकं असलेली, ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी ही नेहमीची. एका फ्रेमचं माप २४ बाय ३६ मिलिमीटर. याशिका, कोडॅक केबी टेन, लग्नातल्या फोटोग्राफरचा कॅमेरा, सगळे यातच आले.

भोकं नसलेली, सुमारे सहा सेंटिमीटर रुंद फिल्म म्हणजे १२० नंबरचा रोल. घरात आगफा क्लिक थ्री असेल तर चौकोनी फोटो, एका रोलमध्ये बारा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल यातच यायचे. या निगेटिव्ह मोठ्या असल्याने त्यांच्यात तपशील भरपूर असतो. साध्या भिंगाच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटोसुद्धा चांगला मोठा करता येतो.

नखाएवढ्या, १३ बाय १७ मिलिमीटरच्या फ्रेम सापडल्या तर त्या ११०च्या कार्ट्रिजमधल्या. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता रंग. नारिंगी झाक असेल तर रंगीत निगेटिव्ह, करडी असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. चित्र उलट न दिसता थेट खऱ्या रंगात दिसत असेल आणि ते पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत असेल, तर ती स्लाइड.

शेवटी वास घ्या. हसू नका, ही खरी तपासणी आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया, म्हणजे चित्राखालची प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागला आहे. त्यातून सुटणारं आम्ल पुढची कुज आणखी वाढवतं, आणि मुंबईचा उकाडा आणि दमट हवा त्याला हातभारच लावतात. अशा पट्ट्या बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा आणि त्यांचं स्कॅनिंग आधी करून घ्या. आजोबांच्या काळातली, १९५०च्या आधीची फिल्म असेल आणि कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ लिहिलेलं नसेल, तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट झटकन पेटतं. ती कुरिअरने पाठवू नका, देवघरापासून आणि गॅसपासून लांब ठेवा आणि लॅबला आधी फोन करून विचारा.

३. लॅबला देण्याआधी निगेटिव्ह घरीच वाचा

ही पायरी सगळेच गाळतात. मीही गाळली होती. खर्च आणि मनस्ताप वाचतो तो इथेच.

निगेटिव्ह नुसती उजेडासमोर धरली तर ओळखीचं माणूसही भुतासारखं दिसतं. केस पांढरे, दात काळे, कुंकवाच्या जागी फटफटीत ठिपका. पण मोबाइलमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करायची सोय असते. ती चालू करा, कॅमेरा उघडा आणि पांढऱ्या पडद्यासमोर धरलेल्या निगेटिव्हकडे बघा. चित्र सुलट दिसतं. रंगीत निगेटिव्ह थोडी निळसर दिसेल, कारण नारिंगी झाक उलटली की निळी होते. पण माणसं ओळखू येतात आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

मी हे मावशीच्या घरी बसून केलं. तिला मोबाइलचा भारी कंटाळा, पण एकदा पडद्यावर तिचंच परकर-पोलक्यातलं रूप उमटलं आणि तिने चष्मा पुसला. मग तीन तास उठली नाही. तिच्या तोंडून नावं निघत होती, मी लिहीत होते. तुमच्याकडे अशी एखादी मावशी, आत्या, काका असतील तर स्कॅन होऊन यायची वाट बघू नका. निगेटिव्ह घेऊन त्यांच्याकडे जा. लॅबला चार महिने उशीर झाला तरी चालतो.

क्रम किती कामाला येतो ते सांगते. एका ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर धोतर-टोपीतले एक गृहस्थ होते, पायरीवर बसलेले. कुणालाच ओळखता येईनात. फिल्मच्या कडेला फ्रेमचे नंबर छापलेले असतात. हे गृहस्थ बावीसवर. एकविसावर चिपळूणचा एसटी स्टँड. म्हणजे फोटो आजोळचा. मावशीला एसटी स्टँडची फ्रेम दाखवली आणि ती लगेच म्हणाली, “अगं, हे तर आमचे शाळेतले गुरुजी! तुझ्या बाबांना घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो होतो आम्ही.” सुटा फोटो असता तर गुरुजी कायमचे ‘अनोळखी’च राहिले असते.

म्हणून पट्टी कापू नका. जागा वाचवायला नाही, लॅबवाल्याने ‘एवढीच फ्रेम द्या’ म्हटलं तरी नाही. पुष्कळशा होल्डरमध्ये आणि मशीनमध्ये एकटी फ्रेम नीट बसतही नाही.

४. यादी करा आणि निवड करा

प्रत्येक पाकिटाला एक नंबर द्या. जुन्या पाकिटावरचं लिखाण जसंच्या तसं यादीत उतरवा, हिशेब किंवा स्टुडिओचा शिक्का असला तरी तोही. मग पट्टीचा नंबर, फ्रेमचे नंबर आणि समोर दोन शब्द: ‘पाकीट ७, पट्टी ३, फ्रेम १३ ते १८, बाळूची मुंज’. यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रत्येक फ्रेम मोठ्या रेझोल्यूशनने स्कॅन करायची गरज नसते. आमच्याकडे एका सबंध रोलमध्ये राणीच्या बागेतला हत्ती होता. त्यातले दोन पुरे झाले. माणसं असलेल्या फ्रेम मात्र डोळे मिटलेले असले तरी घ्या.

लग्नाच्या निगेटिव्ह सापडत नसतील तर माळ्यावर वेळ घालवण्याआधी अल्बमच्या मागचा शिक्का बघा. पुष्कळ स्टुडिओ निगेटिव्ह स्वतःकडेच ठेवायचे. तो स्टुडिओ अजून चालू असेल तर विचारायला हरकत नाही. नाहीतर अल्बममधली प्रिंटच सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करा.

५. धूळ काढा, पाणी लावू नका

निगेटिव्ह नेहमी कडांनी धरा. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजूवर चित्राचा थर असतो, तिला बोट लागू देऊ नका. आधी हवेचा फुगा, मग हलका ब्रश. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात.

मुंबईतल्या डब्यात बुरशी निघतेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या फांद्यांसारखे बारीक फाटे दिसतात. हात धुवून ओल्या फडक्याने पुसायचा मोह होईल. पण बुरशीने चित्राच्या थरातलं जिलेटिन खाल्लेलं असतं, आणि तशी जागा पाण्यात विरघळते. बुरशीबरोबर चित्रही निघून येईल. असं काही दिसलं तर फिल्म क्लीनर वापरणाऱ्या माणसाकडेच द्या.

६. लॅब गाठा, पण आधी एकच पट्टी द्या

कोपऱ्यावरचे स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि मगवरच्या छपाईवर चालतात. ते निगेटिव्ह घेतात, पण पुढे दुसरीकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही, फक्त काम नेमकं कुठे होणार ते विचारा. फोर्टात, बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्याच्या दुकानांची वस्ती आहे. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. एका दुकानात नाही जमलं तर शेजारचा सांगतो कुठे जायचं ते. फोर्टातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी सकाळी जा. शिवाय हल्ली पुन्हा फिल्मवर फोटो काढणारी तरुण मंडळी वाढली आहेत. त्यांच्यासाठी रोल धुणाऱ्या लॅब जुन्या निगेटिव्हही स्कॅन करतात, आणि तिथे काउंटरवरच्या पोराला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.

लोकलने नेताना लिफाफे झिपच्या पिशवीत, पिशवी कडक फाइलमध्ये आणि फाइल पोटाशी. पावसाळ्यात शक्यतो नेऊच नका.

काउंटरवर एवढं विचारा:

– दर फ्रेमचा, पट्टीचा की रोलचा? सहा फ्रेमच्या पट्टीत दोनच हव्या असतील तर पैसे किती?
– रेझोल्यूशन किती? ३५ मिलिमीटरला २४०० डीपीआय मागा. फाइल साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलची येते, तिच्यातून ८ बाय १२ इंची प्रिंट नीट निघते. १२०च्या चौकोनी फ्रेमला त्याच रेझोल्यूशनने ५३०० बाय ५३००च्या आसपास मिळतात.
– फाइल जेपेग (दाबून लहान केलेली) की टिफ (मोठी, सगळा तपशील राखणारी)? बहुतेक फ्रेमना चांगल्या दर्जाची जेपेग पुरते. खास फ्रेमची सोळा बिटची टिफ घ्या. ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमला ती ४५ एमबीच्या आसपास होते, तेव्हा पेन ड्राइव्ह त्या हिशेबाने न्या.
– धूळ आणि ओरखडे कसे काढणार? रंगीत निगेटिव्हवर इन्फ्रारेडने आपोआप काढता येतात. चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ते चालत नाही, उलट चित्र बिघडतं. ‘आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे’ असं कुणी ब्लॅक अँड व्हाइटबद्दल सांगितलं तर दुसरं दुकान बघा.
– पट्ट्या त्याच पाकिटात परत मिळणार ना?

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगा: एआयने चेहरे सुधारायचे नाहीत. माझ्या आजीचा असाच एक फोटो ‘क्लिअर’ होऊन आला. साडी तीच, नथ तीच, डोळे भलत्याच बाईचे.

पहिल्या दिवशी डबा देऊ नका. एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट पट्टी द्या, बिलावर पट्ट्यांची आणि फ्रेमची संख्या लिहून घ्या. काम आवडलं तर पुढची पाकिटं तीन-चार खेपांत द्या. दोन खेपा जास्त पडतील, पण काही हरवलं तर डबाभर हरवणार नाही.

७. घरीच करायचं असेल तर

वीस-पंचवीस पट्ट्या असतील तर लॅबच बरी. पाच-सहाशे फ्रेम असतील आणि घरात चिकाटीचं माणूस असेल तर घरी करण्यात फायदा आहे. फिल्मसाठी झाकणात उजेड असलेला सपाट स्कॅनर घ्या. एप्सन व्ही ६००सारख्या स्कॅनरमध्ये सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या एका वेळी बसतात आणि १२०ची फिल्मही होते. प्लस्टेकचे छोटे स्कॅनर ३५ मिलिमीटरला जास्त धारदार, पण १२०ची फिल्म त्यांच्यात जात नाही. म्हणूनच दुसऱ्या पायरीत फूटपट्टी लावायला सांगितली. खोक्यावर लिहिलेल्या ६४०० डीपीआयला भुलू नका. सपाट स्कॅनरवर २४००च्या वर फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही.

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी, लेन्स असलेला कॅमेरा घरात असेल तर एलईडी पॅडवर निगेटिव्ह ठेवून वरून फोटो काढणं सगळ्यात जलद. खोलीतले बाकीचे दिवे बंद, कॅमेरा स्टँडवर आणि फिल्मला अगदी समांतर.

नुसत्या मोबाइलने काढलेला फोटो ओळख पटवायला ठीक. जपून ठेवायची कॉपी म्हणून तो धरू नका.

८. फाइल आल्या की काउंटरवरच तपासा

आधी उलटे फोटो शोधा. फिल्म चुकीच्या बाजूने ठेवली की डावं-उजवं बदलतं, आणि निसर्गाच्या फोटोत ते कळतसुद्धा नाही. माझी खूण सोपी आहे: पदर. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर. फोटोतल्या सगळ्या बायकांचे पदर त्यांच्या उजव्या खांद्यावर दिसले आणि त्या शेजारच्या गुजराती काकू नसल्या, तर स्कॅन उलटं. पुरुषांचं मनगटी घड्याळ आणि दुकानांच्या पाट्याही बघा. निगेटिव्ह हातात असेल तर चकचकीत बाजू आपल्याकडे धरा. कडेची अक्षरं सुलट वाचता आली की चित्रही सुलट.

मग एक फाइल पूर्ण मोठी करून चेहरा बघा. डोळे धारदार हवेत. नवऱ्या मुलीचं पांढरं वस्त्र नुसता पांढरा डाग झालेलं नसावं, जरीच्या रेघा दिसायला हव्यात. डाग असेल तर स्कॅन जास्त उजळ केलं आहे. निगेटिव्हमध्ये तपशील असतो, पुन्हा स्कॅन करायला सांगा.

घरी आल्यावर फाइलींची नावं बदला: ‘१९८६_चिपळूण_पा०७_फ्रेम२२’. स्कॅन केलेल्या फाइलला तारीख आजची लागते. ती न बदलता फोटो ऑनलाइन चढवले तर गुरुजी यंदाच्या दिवाळीत दिसतात. कॉपी किमान तीन ठेवा: लॅपटॉप, वेगळी हार्ड डिस्क आणि दुसऱ्या घरी किंवा ऑनलाइन एक. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आक्रसते आणि वर्षभराने तीच आक्रसलेली फाइल कुणीतरी फ्रेम करायला नेतं.

९. प्रिंट काढताना माप बघून सांगा

३५ मिलिमीटरची फ्रेम ३ बाय २ प्रमाणाची. ४ बाय ६ आणि ८ बाय १२ मध्ये ती पूर्ण बसते. ५ बाय ७ मध्ये थोडी कापली जाते, ८ बाय १० मध्ये लांबीचा सहावा भाग जातो. ग्रुप फोटोत कडेला उभा असलेला चुलतभाऊ नेमका तिथेच असतो. चौकोनी निगेटिव्हची प्रिंट चौकोनीच मागा, किंवा ८ बाय १० कागदावर पांढरी चौकट सोडून. ‘फुल बसवतो’ म्हणून ती ताणून देणारेही असतात.

भिंतीवर लावायची असेल तर मॅट घ्या, ट्यूबलाइटची चमक येत नाही. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर हिरवट किंवा जांभळट झाक आली तर परत करा.

१०. मूळ निगेटिव्ह परत आल्यावर

काउंटरवर उभं राहूनच यादीप्रमाणे पट्ट्या मोजा. मागे रांग असेल, असू दे.

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका. पीव्हीसीचे नव्हेत, पॉलिप्रॉपिलीनचे स्लीव्ह (पारदर्शक पाकिटं) घ्या आणि एका स्लीव्हमध्ये एकच पट्टी ठेवा. जुनी पाकिटं वेगळ्या लिफाफ्यात, तोच नंबर घालून. माळा नको, बाथरूमला लागून असलेली भिंत नको, कपाटाचा खालचा कप्पाही नको. आमच्या निगेटिव्ह आता गोदरेजच्या कपाटात मधल्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत, सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी. दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. जून ते गणपती एवढ्यात ती दोनदा तरी बदलावी लागते.